नाशिकहून शिगा कोगेन: जपानच्या बर्फात पहिल्यांदा जाताना

(या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे कानावरून निसटतात, म्हणून इथे उतरवून ठेवलंय. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.)

आज बर्फाबद्दल बोलूया. निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेला की आपल्याकडे पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, आणि इन्स्टावर सगळे 'मिनी काश्मीर' लिहायला लागतात. अशा गावातून उठून जपानच्या डोंगरात स्कीइंग करायला जायचं, हा विचार आता फार वेडा राहिलेला नाही. येन स्वस्त झालाय, रील्स बघून बघून तिथल्या रस्त्यांची नावंसुद्धा पाठ झाली आहेत. आणि मग प्रश्न येतो तो हमखास एकच: 'विमानाचं तिकीट कधी काढू?'

माझं उत्तर: तिकीट सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. बर्फावरच्या पहिल्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, पायात ते जड बूट घालून तुम्ही उभे असाल, तेव्हा तुमच्या शेजारी कोण असणार आहे? शिकवणारा असेल तर सहल झाली म्हणून समजा. मित्राचा मित्र असेल, 'अरे सोपंय, मी दाखवतो' म्हणणारा, तर माणशी दोन लाखांची सहल दुपारी बारापर्यंत गुडघ्याला बर्फ लावत संपू शकते. त्यामुळे आजचं सगळं प्लॅनिंग त्या सकाळी नऊपासून उलटं मागे येणार आहे.

पण आधी जरा भूगोल, कारण तो आपल्याला नाशिककर म्हणून फुकटात कळलेला आहे. जुलैमध्ये इगतपुरीला धो धो पाऊस असतो. वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या पुढे. नाशिक शहरात त्याच्या साधारण चौथा हिस्सा, आणि सिन्नरला तर ढग नुसते बघायचे. वारा अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि सगळा माल घाटमाथ्यावरच उतरवतो. जपानमध्ये हिवाळ्यात नेमकं हेच होतं, फक्त पाण्याऐवजी बर्फ. सैबेरियाचा गारठलेला, कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येतो. त्या समुद्रात दक्षिणेकडून आलेला कोमट प्रवाह असतो, त्यावरून वारा वाफ उचलतो आणि पलीकडच्या डोंगरांवर आदळतो. पश्चिमेच्या उतारावर बर्फाचे ढिगारे, आणि डोंगराच्या मागे असलेल्या टोकियोत मात्र कोरडं, निळं आकाश. टोकियो म्हणजे हिवाळ्यातलं सिन्नर म्हणा ना!

हे कळलं की एक मोठा गैरसमज जातो. टोकियोत जानेवारीत उतरलात तर बर्फ दिसेलच असं नाही, बहुतेक दिसणारच नाही. बर्फासाठी डोंगर ओलांडायला लागतो. निइगाताकडे जाणारी बुलेट ट्रेन सुमारे २२ किलोमीटरच्या एका बोगद्यात शिरते तेव्हा बाहेर उन्हाळलेली पिवळी शेतं असतात, आणि बाहेर पडते तेव्हा घरांची छपरं बर्फाखाली गाडलेली. कसाऱ्याच्या घाटात जुलैत पाच मिनिटांत हवामान बदलतं, तसंच.

आता जायचं कुठे? जपानमध्ये स्कीइंगची ठिकाणं शेकड्यांनी आहेत. आजचा भाग शिगा कोगेनबद्दल आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही हे आधीच सांगतो. 'कोगेन' म्हणजे उंचावरचं माळरान, पठार. हे ठिकाण नागानो प्रांतात, यामानोउची नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. डोंगराच्या कुशीत स्कीइंगचे १८ च्या आसपास वेगवेगळे भाग आहेत आणि ते सगळे एकाच पासवर चालतात. उतार साधारण १,३०० मीटरपासून सुरू होतात आणि सगळ्यात वरचं टोक, योकोतेयामा, २,३०७ मीटरवर आहे. आपला साल्हेर १,५६७ मीटर आणि कळसूबाई १,६४६. म्हणजे तिथली बरीच हॉटेलंच साल्हेर-कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर बांधलेली आहेत. तरी ही उंची लेह-लडाखसारखी त्रास देणारी नाही. आई-बाबांना धाप लागेल ही काळजी इथे फारशी नको.

उंचीचा फायदा असा की बर्फ कोरडा राहतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, आणि मोसम लांबतो. डिसेंबरच्या सुरुवातीपासून वरचे काही भाग थेट मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात. तोटा असा की तिथे 'गाव' नाही. हॉटेलं विखुरलेली, संध्याकाळी सातनंतर बाहेर अंधार आणि शांतता. गल्लीबोळ, छोटी दुकानं, रात्री फिरणं हवं असेल तर त्याच प्रांतातलं नोझावा ओनसेन बघा, तिथे जुन्या गावात गावकऱ्यांनी राखलेली १३ सार्वजनिक गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत. इंग्रजी बोलणारी माणसं, पब, मोठे उतार हवे असतील तर हाकुबा.

आणि घरच्यांना फक्त बर्फ हातात घ्यायचाय, दोन फोटो काढायचेत, एकदा घसरायचंय, एवढंच असेल? मग यातलं काहीच नको. टोकियोहून सकाळी बुलेट ट्रेनने गाला युझावाला जा. सव्वा तासाच्या आसपास लागतो, स्टेशनच्या इमारतीतच कपडे-बूट भाड्याने मिळतात, तिथूनच पाळण्यात बसून वर जायचं, संध्याकाळी टोकियोत परत. अनेकांना हवं असतं ते एवढंच, आणि ते चार रात्रींचं पॅकेज घेऊन बसतात.

शिगा कोगेनला अजून एक ओळख आहे. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगच्या काही शर्यती इथल्या हिगाशिदाते आणि याकेबिताई या डोंगरांवर झाल्या होत्या. त्या ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटाच खेळाडू होता, १६ वर्षांचा शिवा केशवन. तो स्कीइंगचा नाही, लूजचा, म्हणजे घसरगाडीवर उताणं झोपून बर्फाच्या नळीतून खाली यायचं तो खेळ. टोकियो ते नागानो ही बुलेट ट्रेनसुद्धा त्या ऑलिंपिकच्या निमित्ताने १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. आज आपण दीड तासात पोचतो ते त्या स्पर्धेच्या कृपेने.

तारखांकडे येऊ. हा भाग नाशिकवाल्यांसाठी जरा गुंतागुंतीचा आहे. जगभरचे ब्लॉग सांगतात की उत्तम बर्फ जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. खरंय. पण ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांच्यासाठी हाच काळ मण्यात पाणी उतरण्याचा, काढणीचा, व्यापाऱ्याच्या फोनचा. ज्यांच्या घरी दहावी-बारावी आहे त्यांच्यासाठी फेब्रुवारी-मार्च बंद. आणि जे मोकळे आहेत ते नाताळच्या सुट्टीत जायचं म्हणतात, जेव्हा जपानमध्ये २९ डिसेंबर ते ३ जानेवारी अख्खा देश सुट्टीवर असतो आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात.

मग? शिगा कोगेनची उंची इथे कामाला येते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत खालची बरीच ठिकाणं चिखलाला लागलेली असतात, तेव्हा इथल्या वरच्या उतारांवर शिकण्याइतका बर्फ साधारणपणे असतो. काढणी आटोपली, एप्रिल छाटणीला अजून आठवडा आहे, बोर्डाचे पेपर संपलेत, अशा फटीत बसणारा काळ. सकाळी बर्फ कडक असतो, दुपारनंतर तो रव्याच्या शिऱ्यासारखा जड होतो, म्हणजे नऊ ते एक खेळायचं आणि मग आराम. मुरलेला स्कीअर नाक मुरडेल. पण नवशिक्याला उणे दोन अंशांत शिकणं आणि उणे बारात शिकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोटं बधिर झाली की मेंदू शिकत नाही. माझं मत विचाराल तर, पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारीचा 'पावडर' विसरावा आणि मार्च धरावा. फक्त एप्रिलअखेरची जपानी सुट्टी, २९ एप्रिल ते ५ मे, टाळा.

आता तो सकाळी नऊचा माणूस. जपानमध्ये स्कीइंग आणलं ते ऑस्ट्रियाच्या थिओडोर फॉन लेर्ख या लष्करी अधिकाऱ्याने. १२ जानेवारी १९११ ला ताकादा गावात त्याने जपानी सैनिकांना पहिले धडे दिले. म्हणून आजही तिथे उताराला 'गेरेंदे' म्हणतात आणि नवशिक्याच्या पहिल्या पवित्र्याला 'बोगेन', दोन्ही मुळात जर्मन शब्द. बोगेन म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. यानेच वेग कमी होतो, यानेच थांबता येतं. पहिल्या दोन तासांत शिकायचं ते एवढंच: पडायचं कसं, पडल्यावर उठायचं कसं, आडव्या पायांनी चढ चढायचा कसा, आणि थांबायचं कसं. थांबता येत नसताना लिफ्टने वर जाणं म्हणजे ब्रेक नसलेली गाडी कसारा घाटात सोडणं. धोका फक्त तुम्हाला नाही, खाली उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या पोरालाही आहे.

जपानी भाषेतले वर्ग सहज मिळतात. इंग्रजीत शिकवणारे मोजके असतात आणि ते लवकर भरतात. म्हणून क्रम असा: आधी तारीख, मग त्या तारखेला इंग्रजी वर्ग आहे का ते बघून नोंदणी, मग त्या वर्गाच्या जागेपासून चालत जाता येईल असं हॉटेल. शिगा कोगेन इतकं पसरलेलं आहे की एका टोकाला हॉटेल आणि दुसऱ्या टोकाला वर्ग असला, तर सकाळ शटल बसमध्ये जाते. इचिनोसेच्या आसपास हॉटेलं दाट आहेत आणि सोपे उतार समोरच आहेत, पहिल्यांदा तोच भाग बरा. उतारांच्या पाट्या हिरवा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड अशा असतात. पहिले दोन दिवस हिरवा सोडायचा नाही, रील कितीही खुणावू दे.

पैसे. येनचा भाव रोज हलतो, मी सोयीसाठी १०० येनला ६० रुपये धरतोय. गणित माणशी आहे, दोघांनी एक खोली वाटून घेतली असं समजून, आणि सगळे आकडे अंदाजाचे आहेत, बुकिंगच्या दिवशी स्वतः तपासा. टोकियो ते नागानो बुलेट ट्रेन आणि पुढे डोंगरावरची बस, जाऊन-येऊन २१ हजार येन. डोंगरावर चार रात्री, सकाळ-संध्याकाळच्या जेवणासह, रात्रीला १५ हजार धरून ६० हजार. स्की, बूट, काठ्या आणि बर्फाचे कपडे भाड्याने, दिवसाला १० हजार, तीन दिवसांचे ३० हजार. लिफ्टचा पास पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसाचा ४ हजार, पुढचे दोन दिवस साडेआठ-साडेआठ, एकूण २१ हजार. दोन सामूहिक वर्ग १६ हजार. टोकियोत तीन रात्री २७ हजार. बाकी खाणं, मेट्रो, फुटकळ २५ हजार. बेरीज झाली २ लाख येन, म्हणजे १ लाख २० हजार रुपये. विमान ६५ हजार, आणि व्हिसा, विमा, लोकरी कपडे, मुंबईची ये-जा मिळून १५ हजार. एकूण दोन लाख रुपये.

यात काटछाट कुठे करायची? पासवर. पहिल्या दिवशी तुम्ही एकाच लिफ्टखाली दोनशे मीटरच्या उतारावर असणार आहात. अख्ख्या डोंगराचा पास घेणं म्हणजे पोहता येत नसताना समुद्राचं तिकीट काढणं. अर्ध्या दिवसाचा किंवा मोजक्या फेऱ्यांचा पास मिळतो का ते खिडकीवर विचारा. दुसरं, अख्ख्या जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो जवळपास ३० हजारांवरून ५० हजार येनवर गेला. फक्त टोकियो-नागानो करणाऱ्याला तो परवडत नाही, सुटी तिकिटंच स्वस्त. क्योटो-ओसाका जोडलं तरी एकदा हिशोब मांडूनच घ्या. काटछाट कुठे करायची नाही? वर्गावर आणि विम्यावर.

आणि दोन लाख हा आकडा ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांच्यासाठी: गुलमर्ग आहे. तिथे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे, खेलो इंडियाचे हिवाळी खेळ २०२० पासून तिथे होतात, आणि शिकण्याचा उतार सपाट आणि मोठा आहे. जपानच्या एक तृतीयांश पैशांत तिथे आठवडाभर शिकून येता येईल. औलीचा विचार करत असाल तर जोशीमठची जमीन खचायला लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोपवे बंद ठेवावा लागला होता, तेव्हा सध्याची स्थिती विचारूनच निघा. खरं सांगू? एक हिवाळा गुलमर्ग आणि पुढच्या वर्षी जपान हा सगळ्यात शहाणा क्रम आहे. जपानचे उतार तुम्ही मग वापराल, नुसते बघणार नाही.

व्हिसा. पासपोर्टचं काम नाशिकमध्येच होतं. जपानचा व्हिसा आपल्याला मुंबईच्या व्हीएफएस केंद्रामार्फत मिळतो, आणि १ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांसाठी पर्यटनाचा ई-व्हिसा सुरू झालाय. कागदपत्रांत रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, कुठल्या दिवशी कुठल्या हॉटेलात, सगळं. शिवाय आयकर रिटर्न आणि बँकेचं स्टेटमेंट. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांनी जरा जपून: अर्ज करायच्या आठवड्यात काकांनी खात्यात तीन लाख टाकले, हे स्टेटमेंटमध्ये डोळ्यांत भरतं. पैसे आधीपासून, हळूहळू जमलेले दिसू द्या. एक बारीक गोष्ट, एकदाच जाण्याचा व्हिसा मिळाल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. मार्चअखेर जायचं असेल तर नोव्हेंबरात उत्साहाने अर्ज करून उपयोग नाही. जानेवारीचा शेवट ठीक. म्हणून हॉटेल घेताना रद्द करता येणारं घ्या, आणि विमानाचे पैसे व्हिसाकडे एक डोळा ठेवून भरा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर वर टीसीएस कापला जातो. तो खर्च नाही, रिटर्न भरताना हिशोबात परत मिळतो, पण त्या महिन्यात खिशातून जातोच. दर बजेटमध्ये बदलत असतो.

विमान मुंबईहून घ्यायचं की ओझरहून दिल्लीमार्गे? जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा उघडल्यापासून मुंबई बरीच जवळ आलीय, पण ठाणे-भिवंडीची गर्दी आहे तिथेच आहे. रात्रीचं विमान असेल तर दुपारी निघा. ओझर-दिल्ली सोयीचं वाटतं, पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं विमानं अडवतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील आणि पहिलं विमान उशिरा गेलं, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघणार नाही, पैसेही देणार नाही. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे घ्या, नाहीतर दिल्लीत एक रात्र धरा.

कपड्यांचं एकच सूत्र: सुती नको. जीन्स नको, सुती बनियन नको, दुकानात 'थर्मल' म्हणून मिळणारं बरंचसं सुतीच असतं, लेबल वाचा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तोच ओलावा तुम्हाला गारठवतो. अंगाला लोकरी किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस, बाहेरून पाणी न शिरणारं जॅकेट. बाहेरचा थर तिथे भाड्याने मिळतो. मधल्या थरासाठी शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधला स्वेटर अगदी चालतो, उगाच महागडं काही घेऊ नका. हातमोजे आणि बर्फाचा गॉगल मात्र स्वतःचा हवा, बऱ्याच ठिकाणी तो भाड्याच्या संचात नसतो. आणि फोन! उणे तापमानात चाळीस टक्के बॅटरी असलेला फोन डोळ्यांदेखत बंद पडतो. तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, पॉवर बँकही तिथेच. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते पेनही तसंच आत. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया जातं.

अंगाची तयारी दीड महिना आधी सुरू करा. जिम नसेल तर पांडवलेणी आहे. चढताना दम लागतो, पण स्कीइंगसाठी उपयोगाचं आहे ते उतरणं, सावकाश, गुडघे किंचित वाकवून. मांड्या भरून आल्या पाहिजेत. आठवड्यातून तीनदा केलंत तर तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या जिन्यावरून तुम्ही माणसासारखे उतराल.

शाकाहारी मंडळींनो, जपानी जेवणात मासा दिसत नाही तिथेही असतो. सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, मिसो, सगळ्याचा पाया बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क, 'दाशी'. हॉटेलला बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर डोंगरावर ते बिचारे काय करणार? नागानोचा एक पदार्थ आपल्या जिभेला पटेल: ओयाकी. पिठाची गोल पारी, आत पालेभाजी किंवा भोपळ्याचं सारण, वाफवून किंवा भाजून. तरी सारणात काय घातलंय ते विचारा. आंबट प्लम घातलेला भाताचा गोळा, उमे ओनिगिरी, कुठल्याही दुकानात मिळतो, त्याचं लेबलही फोनच्या कॅमेऱ्याने वाचून घ्या. बाकी थेपले, चिवडा, मेतकूट आहेच. पण ताजी फळं-भाज्या नेऊ नका. 'आपली नाशिकची द्राक्षं' भेट म्हणून बॅगेत टाकायचा मोह होईल, विमानतळावर ती काढून घेतील. औषधांचंही तसंच: कोडिन असलेलं खोकल्याचं सिरप आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या तिथे कायद्याच्या कचाट्यात येतात. डॉक्टरांना विचारून दुसरं लिहून घ्या.

आता जरा गंभीर. उताराच्या कडेला दोरी बांधलेली असते. तिच्या पलीकडचा न तुडवलेला बर्फ इतका सुंदर दिसतो की पाय आपोआप वळतात. जानेवारी २०२३ मध्ये याच नागानो प्रांतातल्या ओतारी भागात, राखलेल्या उतारांच्या बाहेर, हिमस्खलन झालं. त्यात दगावलेल्यांपैकी एक होता काइल स्मेन, २०१५ चा हाफपाइप प्रकारातला विश्वविजेता. विश्वविजेता. म्हणजे कौशल्य तिथे पुरत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते, तिच्यात डोकं खाली गेलं तर स्वतःला बाहेर येता येत नाही. दोरीपलीकडे अडकलेल्याला शोधायला माणसं गेली तर तो खर्चही त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा धरलेलं नसतं. पॉलिसीत 'हिवाळी खेळ' हा शब्द शोधा, नसेल तर जास्तीचे पैसे भरून घाला, आणि त्यातही राखलेल्या उताराबाहेर संरक्षण नसतं हे वाचून ठेवा.

चौथा दिवस स्कीइंगचा धरू नका. मांड्या संपावर गेलेल्या असतात. डोंगर उतरताना वाटेत जिगोकुदानी लागतं, गरम पाण्याच्या कुंडात बसणारी ती लाल तोंडाची माकडं. ते उद्यान १९६४ पासून आहे. बस थांब्यापासून जंगलातून दीडेक किलोमीटर चालत जायचं, वाट बर्फाने गुळगुळीत झालेली असते, बूट पकड घेणारे हवेत. माकडांना खायला द्यायचं नाही. सप्तशृंगीच्या माकडांची सवय असलेल्यांनी विशेष लक्ष द्या, इथली हात लावायला येत नाहीत आणि आपणही जायचं नाही.

संध्याकाळी खालच्या शिबू किंवा युदानाका गावात गरम पाण्याचं स्नान, ओनसेन. तिथे अंगावर काहीही न घालता उतरायचं असतं, पुरुष-बायकांची दालनं वेगळी. रामकुंडावर आपण पाण्यात उतरून अंग धुतो, इथे उलटं: आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं, मग कुंडात नुसतं बसायचं. टॅटू असेल तर काही ठिकाणी आत घेत नाहीत, आधी विचारा.

परतीच्या दिवशी डोंगरावरून नागानो स्टेशनला येणारी बस सव्वा तासाच्या आसपास घेते, आणि जोराचा बर्फ पडत असेल तर जास्त. त्याच संध्याकाळचं टोकियोहून विमान धरू नका. एक रात्र टोकियोत ठेवा, मोठ्या बॅगा आदल्या दिवशीच हॉटेलच्या काउंटरवरून कुरियरने विमानतळावर पाठवता येतात, त्याला तिथे 'ताक्क्यूबिन' म्हणतात. हातात फक्त पाठपिशवी. काउंटरवरची मुदत विचारून घ्या, डोंगरावरून बॅग पोचायला एखादा दिवस जास्त धरावा लागतो.

व्हिसाच्या अर्जात रोजचा कार्यक्रम कसा लिहायचा, याचा नमुना बऱ्याच जणांनी मागितलाय. तो पुढच्या भागात, रकान्यासकट.